विद्यापीठे व शाश्वत विकास : बारामती-इंदापूर परिसर

भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता वर्तमान गरजा भागविणारा विकास म्हणजे शाश्वत विकास. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये त्याची सतरा उद्दिष्टे निश्चित केली. ती २०३० पर्यंत साधावयाची असून भारताने ती स्वीकारली आहेत. या कामी विद्यापीठांचा वाटा अध्यापन, संशोधन व विस्तारकार्य असा त्रिविध मानला जातो. त्याचे बळ आणि मर्यादा पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत चांगल्या प्रकारे पाहावयास मिळतात.

हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. येथील वार्षिक पर्जन्य ५० सेंमी.च्या आसपास असून तोही अनिश्चित असतो. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि कालव्याखालील भागात उसाची बागायत वाढली. मात्र भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा मंद होतो. पाटाचे पाणी सतत मुरत राहिल्याने भूजल वर चढते, केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येते आणि पाण्याची वाफ झाल्यावर त्यातील क्षार मागे उरतात. अशा रीतीने जमीन प्रथम पाणथळ व खारवट होते. सोडियमाचे प्रमाण वाढल्यास ती चोपण बनते आणि अखेरीस पडीक राहते.

या बिघाडाचा शास्त्रीय अभ्यास पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी केला. नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवरील त्यांची पुस्तिका १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे रोगाचे निदान शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच झालेले होते. निचरा करणे, पाणी बेताने देणे, चोपण जमिनीत जिप्सम घालणे, ताग वा धैंचा यांसारखी हिरवळीची खते गाडणे हे उपाय आज सर्वज्ञात आहेत. अडचण निराळी आहे. निचऱ्याची चारी एकट्याच्या शेतात संपत नाही, ती शेजाऱ्यांच्या शेतांतून ओढ्यापर्यंत न्यावी लागते. शिवाय उसाचा भाव हमखास असल्याने पाणी कमी वापरण्याचा सल्ला कोणालाच रुचत नाही.

उसाच्या वाणांबाबतचे संशोधन त्यामानाने सहज स्वीकारले गेले. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे ते राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे (स्थापना १९६८) आले. तेथून प्रसारित झालेला को ८६०३२ (नीरा) हा वाण राज्यभर पसरला, तर फुले २६५ हा वाण क्षारयुक्त जमिनीतही तग धरतो. मात्र क्षार सोसणारा वाण लावल्याने जमिनीतील क्षार कमी होत नाहीत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (१९६२) व विद्या प्रतिष्ठान (१९७२) यांमुळे उच्च शिक्षण तालुक्यातच उपलब्ध झाले. आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कृषिविकास न्यासाचे कृषि विज्ञान केंद्र १९९२ पासून कार्यरत आहे. या न्यासाने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. त्यात जमिनीतील संवेदक, हवामानकेंद्र व उपग्रहचित्रे यांवरून पाणी केव्हा द्यावे याचा संदेश शेतकऱ्यास मिळतो. माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने (पायाभरणी २००९) मुरमाड जमिनीवर फळझाडांचे प्रयोग केले असून पाचट न जाळता खोडव्याची मशागत करणारे यंत्रही तयार केले आहे. कृषि-पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यांत राहतात. हा उपक्रम मोलाचा आहे, परंतु त्याची मुदत काही महिन्यांचीच असते आणि निचऱ्यासारख्या कामाला वर्षे लागतात.

कालव्याबाहेरील जिरायत गावांचा प्रश्न याहून वेगळा आहे. अवर्षणाच्या वर्षी तेथे पिण्याचे पाणीही टँकरने पुरवावे लागते. ठिबक सिंचनाने बागायतीत वाचलेले पाणी या गावांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. पुष्कळदा ते त्याच शेतात आणखी ऊस लावण्यास वापरले जाते. त्याचे वाटप पाटबंधारे खाते व पाणीवापर संस्था यांच्या निर्णयावर अवलंबून असते.