‘जीव घाबरतो’ म्हणजे काय?

आत्मा, प्राण, जीव हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण वेदान्ताचा आत्मा निर्विकार. घाबरणे त्याला ठाऊक नाही. ‘प्राण’ हा ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या धातूपासून आलेला. जीव मात्र मराठी घरात सुखदुःखासह नांदतो: रमतो, तुटतो, टांगणीला लागतो. ‘जीव कशातच रमत नाही’ असे आजी वारंवार म्हणू लागल्या, तर ते नैराश्यही असू शकते. आणि ‘जीव घाबरतो’ म्हटल्यावर नुसते पाणी देऊन त्यांना निजवू नये. वृद्धांना, विशेषतः मधुमेहींना, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. सोबत घाम, धाप वा मळमळ असल्यास १०८ क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. मधुमेहींची साखरही लगेच तपासावी. ती उतरली तरी जीव असाच घाबरतो.