व्हिडिओ फितींची संगणकीय नक्कल व तिच्यांतील दोषांची चिकित्सा

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या संग्रहांत रुमालांत बांधलेल्या दप्तरांशेजारीं आतां व्हिडिओ कॅसेटींचाही एखादा ढीग असतो. पाडून टाकण्यापूर्वीं केलेलें वाड्याचें चित्रण, घरांतील वृद्धांनीं जुन्या कागदांविषयीं सांगितलेल्या हकीकती, एखाद्या कीर्तनकाराचें आख्यान, अशा गोष्टी १९८० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत या फितींवर उतरल्या. आणि पुष्कळदां त्यांची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. व्ही. एच. एस. ही पद्धति जपानांतील जे. व्ही. सी. कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणिली. तिचीं यंत्रें करणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानांतीलच फुनाई, हिनें २०१६ सालीं तें काम बंद केलें. युनेस्कोच्या एका कार्यक्रमानें २०१९ सालीं चुंबकीय फितींविषयीं इशारा काढून २०२५ च्या सुमारास त्या वाचण्याची सोय बहुतेक संपेल असें बजाविलें होतें. ती मुदत आतां भरली आहे. यामुळें अनेक संग्राहक घरच्या संगणकावर स्वतःच फिती उतरवून घेऊं लागले आहेत, व नक्कल बिघडली म्हणजे दोष कोणाचा हें न कळल्यानें कित्येक चांगल्या फिती निकामी म्हणून बाजूस सारल्या जातात. या दोषांची पारख कशी करावी एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

फीत व्ही. सी. आर. वाचतो, त्यांतून निघालेला विद्युत्संदेश तारेनें कॅप्चर उपकरणाकडे जातो, तें त्याचे आंकडे करून संगणकास देतें, व संगणक ते हार्ड डिस्कवर लिहितो. म्हणजे एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी ही लेखनिकांची सांखळीच होय. पोथीच्या अखेरीस दोष आपल्या माथीं न मारण्याची विनवणी करून लेखनिक मोकळा होतो. संगणक तेवढेंही करीत नाहीं. तेव्हां पोथ्यांच्या बाबतींत जें आपण करितों तेंच येथें करावें: तोच भाग दोन वेळां उतरवून दोन्ही प्रती ताडून पाहाव्या. दोष दोन्हींत त्याच ठिकाणीं आला तर तो बहुधा फितीचा. ठिकाण बदललें तर तो यंत्रांचा. मात्र जीर्ण फीत दर फेरीस झिजते, म्हणून यंत्रांची परीक्षा आधीं कमी मोलाच्या कॅसेटीवर करावी. या कामीं विकत मिळणारी चित्रपटाची कॅसेट घेऊं नये. तशा पुष्कळ कॅसेटींत नक्कल रोखण्याकरितां मॅक्रोव्हिजन नांवाची योजना असते. ती चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत खोटे स्पंद घालून घेणाऱ्या यंत्रास फसविते, व परीक्षाच खोटी होते. दूरदर्शनवरून घरीं उतरविलेली एखादी मालिका उत्तम.

सर्वांत अधिक त्रास फ्रेम गळण्याचा. आपल्याकडील पाल पद्धतींत सेकंदास २५ फ्रेम व प्रत्येकींत ६२५ ओळी असतात. त्यांपैकीं ५७६ चित्राच्या. फीत सेकंदास सुमारें २.३४ सेंटिमीटर इतक्या मंद गतीनें सरकते, आणि चित्र वाचणाऱ्या शीर्षांचा ढोल मिनिटास १,५०० फेरे घेतो. फीत जराशी ताणली गेली असेल किंवा यंत्र झिजलें असेल तर प्रत्येक ओळ नेमक्या वेळीं येत नाहीं. कोणी लवकर, कोणी उशिरां. जुना दूरचित्रवाणी-संच हें निमूटपणें सोसून घेई. कॅप्चर उपकरण असें सोशिक नसतें. ओळींचा हिशेब चुकला कीं तें एखादी फ्रेम गाळतें, किंवा मागील फ्रेम पुन्हा घालतें. हस्तलिखितांतील गळित व द्विरुक्ति तीं हींच, आणि येथें तीं डोळ्यांस सहज दिसतही नाहींत. व्हर्च्युअलडब यासारखा कॅप्चरचा कार्यक्रम गळलेल्या व घातलेल्या फ्रेमांची संख्या निरनिराळी दाखवितो. ती न पाहतां केलेली नक्कल आम्ही प्रमाण मानणार नाहीं.

संख्या वाढत असतां चित्र वांकतें, थरथरतें किंवा वरच्या बाजूस तिरपें ओढलें जातें असें दिसल्यास दोष ओळींच्या वेळेचा समजावा. प्रथम व्ही. सी. आर.चें ट्रॅकिंग जुळवावें. तेवढ्यानें न भागल्यास टाइम बेस करेक्टर हा उपाय; हें यंत्र आलेल्या ओळी क्षणभर आपल्या स्मृतींत धरून समान अंतरानें पुढें सोडतें. कांहीं उत्तम प्रतीच्या एस-व्ही. एच. एस. यंत्रांत तें अंगचेंच असतें. तें न मिळाल्यास जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्यें जोडून संदेश त्यांतून नेला असतांही कित्येकदां चित्र स्थिर होतें. उलट चित्र निर्मळ असून फ्रेम गळत असतील, तर फितीस बोल लावूं नये. संगणकास लिहिण्याची उसंत मिळत नाहीं. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें असंकोचित चित्र सेकंदास सुमारें २०.७ मेगाबाइट, म्हणजे तासास जवळजवळ ७५ गिगाबाइट जागा घेतें. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ यांसारख्या, आशय न गमावणाऱ्या संकोचनानें हा भार बराच कमी होतो. कॅप्चर चालूं असतां व्हायरसची तपासणी व संगणकाची आपोआप झोंप बंद ठेवावी, आणि यूएसबी उपकरण हबांत न खोंवतां थेट संगणकास जोडावें.

मिनीडीव्ही कॅसेटींची गोष्ट वेगळी. त्यांत मुळांतच आंकडे असल्यानें फायरवायरच्या तारेनें ते जसेच्या तसे घेतां येतात, आणि तासास सुमारें १३ गिगाबाइट जागा पुरते. येथील एक चमत्कारिक तक्रार म्हणजे नक्कल दर वेळीं विसाव्या मिनिटाच्या सुमारास थांबते, ही. संग्राहक कॅसेट बदलतो, कॅमेरा बदलतो, तरी तेंच. हार्ड डिस्क फॅट३२ पद्धतीनें मांडलेली असली म्हणजे एका फाइलीस ४ गिगाबाइटांची मर्यादा पडते, व डीव्हीच्या हिशेबानें तेवढी जागा सुमारें वीस मिनिटांत भरते. डिस्क एनटीएफएस पद्धतीनें मांडावी. पण तसें करितांना तिच्यावरील मजकूर पुसला जातो, म्हणून तो आधीं दुसरीकडे ठेवावा.

आवाज व ओंठ यांची फारकत झाल्यास ती कशी होते तें बारकाईनें पाहावें. आरंभापासून अखेरपर्यंत अंतर सारखेंच असेल तर ती नुसती दिरंगाई. आवाज तेवढा सरकविला कीं झालें. अंतर मधेंच एकदम उडी घेत असेल तर त्या जागीं फ्रेम गळल्या आहेत. पंचवीस गळल्या कीं एक सेकंद गेला. हळूहळू वाढत असेल तर चित्र एका उपकरणानें व आवाज दुसऱ्यानें घेतला जात आहे, आणि दोघांचीं घड्याळें जुळत नाहींत. दहा हजारांत एक एवढाच फरक तासाअखेर ०.३६ सेकंद, म्हणजे नऊ फ्रेम होतो. अशा वेळीं दोन्हीही एकाच उपकरणांतून घ्यावींत.

कांहीं दोष दिसण्यांत मोठे, पण क्षुल्लक असतात. चित्र कृष्णधवल आलें वा वरखालीं फिरूं लागलें तर कार्यक्रमांत पालऐवजीं एनटीएससी निवडलें गेलें आहे का, किंवा पिवळ्या तारेंतून संदेश येत असतां एस-व्हिडिओची वाट खुली ठेविली आहे का, तें पाहावें. अमेरिकेंतील आप्तांनीं तेथें चित्रित करून धाडलेल्या कॅसेटी बहुधा एनटीएससीच्याच असतात. त्यांस ती पद्धति वाचणारा व्ही. सी. आर. लागतो. घरगुती फीत असूनही उपकरण नक्कलबंदीची सूचना देऊं लागलें, तर ओळींची अस्थिरता पाहून तें मॅक्रोव्हिजनच्या भ्रमांत पडलें असें समजावें. उपाय पुन्हा टाइम बेस करेक्टरच. चित्राच्या तळाशीं दिसणारी फाटकी पट्टी हा दोषच नव्हे. एक शीर्ष सोडून दुसरें धरण्याची ती जागा, संचाच्या चौकटीआड लपलेली असे. हालचालींत फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्याही फ्रेमेच्या दोन अर्धांच्या वेगवेगळ्या क्षणांमुळें. त्या मूळ प्रतींत तशाच राहूं द्याव्या.

येथें आमचा एक आग्रह आहे. रंग उजळणें, खरखर काढणें, रेघा मोडणें हे संस्कार कॅप्चर करितांनाच कोणी करूं नयेत. मोडी पत्र बाळबोधींत उतरवितांना जो संपादक न सांगतां शब्द सुधारतो त्याच्या पाठावर विश्वास कसा ठेवावा? पहिली प्रत दोषांसकट ठेवावी, आणि पाहण्यासाठीं सुधारलेली दुसरी करावी.

कॅसेट यंत्रांत घालण्यापूर्वीं तिची खिडकी उजेडांत धरून पाहावी. फितीच्या कडांवर पांढरी भुकटी वा जाळें दिसल्यास ती बुरशी होय. कोंकणांतील व एकंदर पावसाळी हवेच्या गांवांतील संग्रहांत हें वारंवार आढळतें. अशी कॅसेट चालविली तर शीर्षें मळतात, फीत तुटूं शकते व पुढील कॅसेटीसही बाधा होते. ती निराळी ठेवून जाणत्याकडून साफ करून घ्यावी. नक्कल पुरी झाल्यावर तिच्या टिपणांत व्ही. सी. आर. व कॅप्चर उपकरण यांचीं नांवें, संकोचनाची रीति, गळलेल्या व घातलेल्या फ्रेमांची संख्या, आणि दोन्ही फेऱ्यांत त्याच जागीं आलेले दोष मिनिट-सेकंदांसह लिहावेत. मूळ कॅसेट एका टोंकास पूर्ण गुंडाळून, कोरड्या जागीं, पुस्तकाप्रमाणें उभी ठेवावी.