आईच्या खात्यावर तुमचं नाव आहे का?

आपल्यापैकी अनेकांचं नाव भारतात आईबाबांच्या बँक खात्यावर जोडलेलं असतं. पैसे त्यांचे, आपलं नाव फक्त अडीअडचणीसाठी. पण तुम्ही अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डधारक किंवा करापुरते इथले रहिवासी असाल, तर तेही खातं मोजावं लागतं.

हिशोब सोपा आहे. अमेरिकेबाहेरच्या प्रत्येक खात्यातली आणि मुदत ठेवीतली वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक घ्या. त्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ‘एफबार’ फॉर्म भरायचा. संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम धरायची, निम्मी नाही. एनआरई खातंही यात आलंच.

हा फॉर्म टॅक्स रिटर्नसोबत जात नाही. तो वेगळा, ऑनलाइन आणि विनाशुल्क भरतात. मुदत १५ एप्रिल. ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. फॉर्म भरला म्हणून कर लागत नाही, पण चुकवला तर दंड हजारो डॉलरचा होऊ शकतो.

तेव्हा या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा एवढं विचारा: “आई, माझं नाव कुठल्या कुठल्या पासबुकावर आहे गं?” उत्तर लिहून ठेवा.