कडू चवीची पारख

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या बाईने बिअरवर लिहावं, हे वाचून भुवया उंचावल्या ना? पण मैत्रिणींनो, आधी ऐका तर.

इंग्लंडमध्ये ‘बिटर’ नावाची जुन्या वळणाची बिअर मिळते. बिटर म्हणजे कडू. गेल्या वर्षी केंट परगण्यात नणंदेकडे गेले होते. तिची साठीची शेजारीण आम्हाला पबमध्ये घेऊन गेली. मी संत्र्याचा रस घेतला आणि तिची पारख बघत बसले.

आधी तिने ग्लास उजेडात धरला. रंग घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा हवा, आणि आरपार दिसायला हवं. बर्फासारखी गार नको, तळघरातली 11 ते 13 अंशांची हवी. फार गार असली की वास-चव दोन्ही दबतात. मग वास घेतला आणि एक छोटा घोट. वाइन चाखणारे थुंकून टाकतात, पण बिटर गिळावी लागते. कारण तिचा कडवटपणा मागाहून उमटतो. तो जिभेवर रेंगाळावा, पण घशाला टोचू नये. आपल्या कारल्याच्या भाजीसारखंच की! कडू हवं, कडूजहर नको.

हा कडवटपणा येतो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून, तीही फक्त मादी वेलीच्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती खुडायला लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या बायका पोराबाळांसकट केंटला यायच्या. मला आपल्याकडच्या ऊसतोडीच्या बायका आठवल्या.

मध्ययुगात तिथे बिनहॉपची ‘एल’ घरोघरी बायकाच बनवत आणि विकतही. चव तपासायला नेमलेला अधिकारी मात्र बहुधा पुरुषच! पुढे पंधराव्या शतकापासून हॉपची टिकाऊ बिअर पसरली, धंदा मोठा झाला, भांडवल लागू लागलं आणि बायका हळूहळू मागे पडल्या.

त्या दिवशी दुसरा ग्लास आला तो आंबूस. पिंपात जिवंत यीस्ट असतं. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर व्हिनेगरसारखा वास येतो. शेजारणीने शांतपणे ग्लास परत केला. मालकाने वास घेतला आणि निमूट दुसरा भरून दिला. “वहिनी, इथे यात कुणाला वावगं वाटत नाही,” नणंद म्हणाली.

दारूबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. घरं तिथेही मोडतात, इथेही मोडतात. पण त्या बाईचा ठामपणा मनात राहिला. आमटी उतरलीय हे आपल्याला नुसत्या वासावरून कळतं. तेल खवट आहे, गहू किडका आहे, हेही कळतं. तरी आपण तो गहू गुपचूप घरी आणतो आणि दुपारभर निवडत बसतो! पारख तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आता “हे चांगलं नाही, परत घ्या” असं दुकानदाराला तोंडावर सांगायचीही सवय लावू या.