हिवाळी गोल्फ : चेंडूखाली चटई

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर थंडीत खेळायचं, तर क्लबांसोबत हिरव्या कृत्रिम गवताचा एक तुकडाही बाळगावा लागतो. चेंडू फेअरवेवर थांबला की तो उचलायचा, त्या जागी ही छोटी चटई अंथरायची, चेंडू तिच्यावर ठेवायचा आणि मग फटका मारायचा. रफमध्ये, बंकरमध्ये चटई नाही.

आयर्नचा फटका चेंडूला लागून पुढे जमिनीत घुसतो आणि तळहाताएवढी गवताची ढलपी मुळांसकट उडते. उन्हाळ्यात वाळू आणि बी टाकलं की ही जखम काही आठवड्यांत भरून येते. जमिनीचं तापमान पाच-सहा अंश सेल्सियसच्या खाली गेलं, की गवताची वाढ जवळजवळ थांबते. डिसेंबरातला खड्डा मग वसंतापर्यंत तसाच उघडा राहतो. शिवाय इथल्या उंचसखल जमिनीवर चेंडू घरंगळत ठरावीक खोलगट जागीच येऊन थांबतात, त्यामुळे घावावर घाव बसतो.

चटईवर क्लब रुतत नाही, घसरतो. थोडा चुकलेला फटकाही निभावून जातो. जमिनीचा खरा स्पर्श हरवतो, ही खेळाडूंची तक्रार मला पटते. तरीही चटई हवीच. २०२२ साली दीडशेवी ओपन स्पर्धा झाली ती याच हिरवळीवर, आणि हे मैदान सार्वजनिक आहे, सामान्य खेळाडूंची पावलंही त्यावर सतत पडतात.

समुद्रावरचा वारा जोराचा असतो. चटईचा कोपरा लाकडी टीने जमिनीत खोचून ठेवावा.