चकमकीचे कागद

घटनेच्या 21व्या कलमावर, विशेषतः 1978 च्या मनेका गांधी निकालानंतर, इतके विपुल लिहिले गेले आहे की त्याची उजळणी येथे करीत नाही. माझा जुना आग्रह एवढाच की, कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचाही जीव घेता येणार नाही, या तत्त्वाची कसोटी पोलीस ठाण्याच्या दप्तरात लागते, आणि आमच्या घटनापंडितांनी ते दप्तर क्वचितच उघडून पाहिले.

2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 46 चे तिसरे पोटकलम पाहा. देहान्त वा जन्मठेपेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याला अटकेच्या निमित्ताने ठार मारण्याचा हक्क पोलिसांना नाही, असे ते बजावत असे. इंग्रजी अमदानीतील 1898 च्या संहितेतही ते होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्येही ते आहे. त्यावरून खुनाच्या आरोपीस गोळी घालण्याची मुभाच मिळते, असा अर्थ काही विद्वान काढतात. तो सर्वस्वी अग्राह्य आहे. कारण ते संपूर्ण कलम अटकेविषयी आहे, आणि अटक जिवंत माणसालाच होते.

वकिलीच्या उमेदवारीत चकमकींची जी प्रकरणे मी वाचली, त्यांतील कैफियत बहुधा एकाच साच्याची असे: खबर मिळाली, सापळा लावला, शरण येण्यास फर्मावले, समोरून गोळी आली, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले. गुन्हा नोंदला जाई तो मृताविरुद्ध, खुनाच्या प्रयत्नाचा. आणि आरोपी मयत म्हणून कागद बंद होत. मारणाऱ्याने कायद्याची मर्यादा पाळली काय, हा प्रश्न त्या कागदांत कोठेही उद्भवत नसे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1997 साली नेमके याच रीतीवर बोट ठेवले.

1995 ते 1997 या काळातील मुंबईच्या 99 चकमकी व त्यांतील सुमारे 135 मृत्यू यांवरून निघालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी 16 निर्देश दिले: खबरीची लेखी नोंद, गुन्हा दाखल करणे, अन्य ठाण्याकडून वा गुन्हे अन्वेषण विभागाकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी आणि चकमकीपाठोपाठ बढती वा शौर्यपदक देण्यास मनाई. 2016 चा मणिपूरविषयक निकालही याच वाटेचा.

कागदाचे बळ काय असते, ते 2006 च्या लखनभैया प्रकरणाने दाखविले. लखनभैयाला उचलून नेल्याचे कळताच त्याच्या वकील असलेल्या भावाने वरिष्ठांना तारा व फॅक्स धाडले, आणि संध्याकाळी वर्सोव्यात घडलेल्या चकमकीची हकिगत त्यांपुढे टिकली नाही. 2024 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने एका नामांकित अधिकाऱ्यासही जन्मठेप दिली.

आणि तरीही आज समाज चकमकीचा उत्सव करतो, याचे मला अतीव दुःख होते. 2019 साली हैदराबादेत चकमकीनंतर पोलिसांवर पुष्पवृष्टी झाली; पुढे न्या. सिरपूरकर आयोगाने, गोळीबार मारण्याच्याच हेतूने झाल्याचा निष्कर्ष काढला. 23 सप्टेंबर 2024 रोजी, त्या 16 निर्देशांना बरोबर दहा वर्षे पूर्ण होत असताना, बदलापूर प्रकरणातील आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच मारला गेला. बालिकांवरील अत्याचाराचा त्याच्यावरील आरोप अत्यंत घृणास्पद होता. त्या बालिकांना न्यायासनासमोरचा निकाल मिळावयास हवा होता, तोही हिरावला गेला. दंडाधिकाऱ्यांनी जानेवारी 2025 मध्ये पाच पोलिसांना जबाबदार धरणारा अहवाल दिला. त्यानंतरही, त्यांच्यावर गुन्हा नोंदवावा की नाही, हा प्रश्न एप्रिलपर्यंत उच्च न्यायालयापुढे होता.