एका खरिपाचे कृषिदूत

जुलै महिन्यात धानपट्ट्यातल्या नागभीड, सिंदेवाही किंवा आरमोरी तालुक्यातल्या गावात सकाळी अकराला शेतकरी मेळावा ठेवायचा, हे फक्त कागदावर वेळापत्रक आखणाऱ्यालाच सुचू शकते. रोवणीचे दिवस असतात. बांध्यांत चिखलणी चाललेली, बाया उजाडताच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटायला गेलेल्या. अशा वेळी ग्रामपंचायतीत फलक लावून वाट पाहणाऱ्या मुलामुलींपुढे चारदोन म्हातारे बसले, तरी पुष्कळ म्हणायचे. शहाणा गट पुढचा कार्यक्रम दिवेलागणीनंतर ठेवतो. या शहाणपणाला अभ्यासक्रमात गुण नाहीत.

ही मुले म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या. कृषी पदवीच्या चौथ्या वर्षी, सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम असतो. रंधावा समितीच्या शिफारशीनंतर 1990च्या दशकात तो देशभर रुजला आणि 2015 मध्ये 'स्टुडंट रेडी' या मोठ्या छत्रीखाली आला. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969चे. त्याच्या अखत्यारीतली वरोऱ्याचे आनंदनिकेतन, गडचिरोलीजवळच्या सोनापूरचे शासकीय अशी महाविद्यालये आपले विद्यार्थी गटागटाने गावांना जोडून देतात. प्रत्येकाला एक शेतकरी नेमून दिलेला असतो. गावाचा नकाशा, मातीचे नमुने, निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण असे एकेक काम वहीत चढत जाते.

धानपट्ट्यात सर्वांत गाजणारे प्रात्यक्षिक मिठाच्या पाण्याचे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे आणि पाणी स्थिर होऊ द्यायचे. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे, तळाचे भरीव बियाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. खर्च जवळपास शून्य, आणि फरक डोळ्यांसमोर दिसतो. सुपाने पाखडून पाखडून हात बसलेल्या बाईलाही तरंगलेला थर पाहून नवल वाटते. अडचण एवढीच, की हे पऱ्हे टाकण्याआधी व्हायला हवे आणि सत्र लांबले की मुले गावात पोचेपर्यंत पऱ्हे वीतभर झालेले असतात. मग घमेल्यात उरलेसुरले धान टाकून प्रात्यक्षिक होते. छायाचित्र चांगले येते.

अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी अशीच एक संघटना आहे. 1928 साली कॅन्सस सिटीत ती 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' या नावाने स्थापन झाली. तिचे निळे कॉर्डरॉय जाकीट प्रसिद्ध आहे. त्यावर मुलाचे नाव आणि त्याच्या शाखेचे गाव भरतकामाने काढलेले असते. मुलींना प्रवेश मिळायला 1969 उजाडावे लागले, हेही सांगायला हवे. पण त्या जाकिटावरचे गाव मुलाचे स्वतःचे असते, आणि वर्षानुवर्षे तेच राहते. आपला कृषिदूत महाविद्यालयाचा असतो. गाव त्याला एका खरिपापुरते मिळते. नाबार्डने 1982 मध्ये 'विकास स्वयंसेवक वाहिनी' काढली, 2005 मध्ये तिचेच 'शेतकरी मंडळ' झाले; तिथे मोठ्यांची सोय झाली. शेतीत राहू पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने कुठे बसावे, हा प्रश्न उरलाच.

ज्याच्याकडून शिकावे असा माणूस याच मुलखात होऊन गेला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 मध्ये त्यांना 'पटेल 3' या धानात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या वेगळ्या जपल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध पेरल्या, रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी झुडपे लावली. वर्षानुवर्षे निवड करत त्यांनी जो बारीक, सुवासिक तांदूळ तयार केला, त्याला एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. पुढे अकोल्याच्याच कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. बियाणे आपल्याकडून नेले, असे दादाजींचे म्हणणे अखेरपर्यंत होते. 3 जून 2018 रोजी ते गेले. कार्यानुभवाच्या वहीत 'शेतकऱ्याला दिलेले तंत्रज्ञान' असा रकाना असतो. 'शेतकऱ्याकडून घेतलेले' असा रकाना मला हवासा वाटतो, आणि त्यात नाव लिहिणे सक्तीचे.

गट कसा टिकतो, याचे उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दिले आहे. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तिथे 1980च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासगट सुरू झाला. त्यात हजेरी नाही, पद नाही, प्रमाणपत्र नाही. ज्याला विषय समजून घ्यायचा, त्याने यायचे, मग तो गावचा असो की बाहेरचा. पोळे न उद्ध्वस्त करता मध कसा काढावा इथपासून वनकायद्यातले कलम काय म्हणते इथपर्यंत सगळे विषय. अभ्यासगट फक्त समजून घेतो. ठरवते ती ग्रामसभा, आणि तेही सर्वसहमतीने. याच अभ्यासाच्या बळावर 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

मेंढ्याची नक्कल महाविद्यालयाला जमणार नाही. परीक्षा आहेत, गुण आहेत. पण जमण्यासारखे काही आहे. दरवर्षी नवे गाव शोधण्याऐवजी चार-पाच वर्षे एकच गाव धरावे. आधीच्या तुकडीने काढलेला नकाशा, मातीचे अहवाल, फसलेल्या प्रयोगांची नोंद पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. गावातल्या माध्यमिक शाळेची मुले पहिल्या दिवसापासून गटात घ्यावीत. बीजप्रक्रियेचा कार्यक्रम त्याच मुलांच्या हाती सोपवला, तर सातव्या सत्राची वाट पाहायची गरज नाही. मिठाचे पाणी मृगाआधी तयार असेल. गटचर्चा मात्र दिवाळीनंतर ठेवावी, हलके, म्हणजे लवकर येणारे, धान घरात आल्यावर. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकाची रात्र तेवढी वगळावी. त्या दिवशी तर तलाठीही सापडत नाही.